चरकाच्या लाटेचा डावा रंधा

आधी हे सांगायला हवं की मी सुतार नाही. आमच्या घरात कोणीच सुतार नव्हतं. वडील साखर कारखान्यात गव्हाणीवर होते, म्हणजे गाडीतून आलेला ऊस आत ढकलायच्या कामावर. आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. त्यामुळे मला रंध्यांचा नाद कसा लागला, असं कोणी विचारलं की मी गडबडतो. अजूनही नीट उत्तर सापडलेलं नाही.

रंधा म्हणजे लाकूड तासून गुळगुळीत करायचं हत्यार. हातात मावेल असा ठोकळा, त्याच्या पोटात तिरपं बसवलेलं लोखंडी पातं, आणि ते पातं हलू नये म्हणून ठोकलेली पाचर. एवढंच. पण सुताराने तो लाकडावरून पुढे सारला की वरच्या तोंडातून एक पातळ, वळलेली झिलपी बाहेर येते, आणि ती येताना जो आवाज होतो, तो ऐकायला मी शाळा सुटल्यावर गावातल्या सुताराच्या पडवीत बसायचो.

नव्वदनंतर त्या पडवीतला आवाज कमी होत गेला. बैलगाड्या मोडीत निघाल्या. दारं-खिडक्या तालुक्याहून टेम्पोत बसून तयार यायला लागल्या. आजूबाजूच्या गावांतल्या सुतारांचे जुने रंधे आंघोळीच्या बंबात जळू लागले. मला ते बघवायचं नाही. बंबाकडे निघालेला रंधा मी तेवढ्याच वजनाच्या बाभळीच्या फांद्या देऊन सोडवून आणायचो. एक वीतभर होता, एक हाताएवढा लांब, एक नुसती खाच पाडणारा. राहात्याच्या बाजारात भंगारवाल्याच्या पोत्यातून एक काढला, त्याच्या तोंडात कोळ्याचं जाळं होतं आणि आत कोळी राहत होता. आई म्हणायची, "लोकांची पोरं तिकिटं जमवत्यात. आमचं सरपण जमवतंय."

पण एक अडचण होती. मी डावरा आहे. जुना रंधा वापरून वापरून धन्याच्या हाताचा आकार घेतो. अंगठ्याजागी खळगा पडतो, मुठीची एक कड झिजते. माझ्याजवळचे सगळे रंधे उजव्या हातांनी झिजवलेले होते. मी एखादा धरला की दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखं व्हायचं. रंधा तिरका जायचा, पातं लाकडात रुतायचं आणि झिलपीऐवजी भुगा निघायचा. इतके रंधे जमवूनही मला एकदासुद्धा अखंड झिलपी काढता आली नव्हती. मी आमच्या सुताराला विचारलं, डाव्या हाताचा रंधा असतो का?

तो म्हणाला, "डाव्या हाताला काय काम द्यायचं ते देवानं ठरवून दिलंय. टमरेल धरायचं. रंधा न्हाई."

मग मी ठरवलं की आपणच आपल्या हाताचा रंधा करायचा. त्याला लाकूड पाहिजे कठीण आणि वर्षानुवर्षं वाळलेलं. ओल्या लाकडाचा रंधा केला तर तो वाळताना वाकतो. असं लाकूड मला गावात मिळालं नाही. तेवढ्यात बारावीचा निकाल लागला, मी पास झालो, आणि आमच्या घरातलं कॉलेजात जाणारं पहिलं माणूस म्हणून माझी नगरच्या एका वसतिगृहात रवानगी झाली. ट्रंकेत कपड्यांखाली मी तीन रंधे घातले. वडिलांनी ट्रंक उचलून बघितली आणि समाधानाने म्हणाले, "पुस्तकं लई जड असत्यात कालेजची."

वसतिगृहाचे रेक्टर कॉलेजात मराठी शिकवायचे. पहिल्या रविवारी त्यांनी नव्या मुलांना व्हरांड्यात बसवलं आणि सांगितलं, प्रत्येकाने उठून आपलं नाव, गाव आणि छंद सांगायचा.

नाव, गाव ठीक होतं. छंद म्हटल्यावर आमच्यात चुळबुळ सुरू झाली. आमच्याकडे छंद हा शब्द चांगल्या अर्थाने कोणी वापरत नाही. अमक्याला छंद लागला म्हणजे तो पत्त्यांत बसतो किंवा तमाशाच्या मागे फिरतो. पहिला उठला तो कर्जतकडचा मुलगा. तो घाम पुसत म्हणाला, "सर, मला कसलाच छंद न्हाई. घरचं वळण चांगलं हाय."

दुसरा म्हणाला, "मला बी न्हाई सर. पाहिजे तर गावात विचारा."

रेक्टरांनी हसू आवरत समजावून सांगितलं की छंद म्हणजे आवड, फावल्या वेळात करायची गोष्ट. मग पुढच्या सगळ्यांनी एका पाठोपाठ 'वाचन' म्हणून सांगितलं. माझी पाळी आली. मला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं सांगायची लाज वाटत होती. मागे स्वयंपाकघरात कोणीतरी पातेली आपटत होतं. मी खाली बघत म्हणालो, "सर, रंधे... जमव..."

"काय? रांधायला जमतं?" रेक्टरांचा चेहरा उजळला. "रांधायला! किती दिवसांनी ऐकला हा शब्द. मुलांनो, बघा, स्वयंपाक करणे नाही म्हणाला, कुकिंग नाही म्हणाला. रांधणे! हा आपला अस्सल शब्द. आणि मुलगा असून न लाजता सांगतो."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलांनीही वाजवल्या. मी 'नाही सर' म्हणालो असेन, निदान तोंड तरी उघडलं होतं. पण टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं नाही, आणि टाळ्या थांबल्यावर परत म्हणायचा मला धीर झाला नाही.

त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातला मदतनीस नोकरी सोडून गेला. रेक्टरांनी मला बोलावलं. "दुसरा माणूस मिळेपर्यंत सकाळच्या वेळी मावशींना हात दे. तुला जमतंच."

मावशी म्हणजे वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई. उंच, हाडकुळ्या, आणि आवाज असा की भांडीसुद्धा जपून वाजायची. गॅससाठी नंबर लावून ठेवला होता, पण तो अजून आला नव्हता, म्हणून सगळा स्वयंपाक चुलाणावर, लाकडांवर. मी दारात उभा राहिलो. मला सगळं खरं सांगून टाकायचं होतं.

"मावशी, मला खरं तर काही येत नाही."

"आसंच म्हणत्यात ज्यांना येतं ते," मावशी म्हणाल्या. "ये आत. लाजतंय बघ कसं."

मी आत गेलो आणि मला जळणाच्या ढिगात तो ओंडका दिसला.

तो जळाऊ लाकडासारखा नव्हता. गोल, मांडीएवढा जाड, काळपट तांबूस, एका टोकाला दाते कोरलेले. मी हात लावून बघितलं. लोखंडी चरक यायच्या आधी उसाचा रस काढायला लाकडी चरक असायचे. त्यांच्या ज्या लाटांमधून ऊस पिळून निघायचा, त्यांतली ती एक लाट होती. बाभळीची. वडिलांच्या आजोबांच्या काळी कापली असेल, तेव्हापासून वाळतच होती. माझ्या डाव्या हाताचा रंधा त्या लाटेत मला तिथल्या तिथे दिसला. खरं सांगायचा विचार मी पुढे ढकलला.

"मावशी, हा ओंडका मला देता का?"

"कशाला?"

"रंधा करायला."

"रांधायलाच ठिवलाय त्यो," मावशी म्हणाल्या. "संस्थेचं अध्यक्ष दिवाळीआधी जेवायला येत्यात. शे-दीडशे पान उठतं. त्या दिवशी ह्यो एकटा घातला की सकाळपास्नं दुपारपत्तोर जाळ हालत न्हाई. मागल्या साली जळण विझलं, आमटी कच्ची ऱ्हायली, आन् सगळ्यांम्होरं मला बोलनी बसली. औंदा न्हाई बसायची."

मी पुन्हा पुन्हा मागितला. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "एवढीच हौस आसंल तर ह्येच्याबदली दुसरं जळण आन. ह्येच्याइतकं टिकणारं. मंग ने."

म्हणजे माझ्यापुढे आता दोन कामं होती: अध्यक्ष यायच्या आत बदली जळण जमवायचं आणि तोपर्यंत मला रांधायला येत नाही हे कळू द्यायचं नाही. कळलं तर मावशी मला स्वयंपाकघरातून हाकलतील, आणि मग लाट चुलीत.

पहिलं काम सोपं होतं. दुसऱ्याबद्दल काय सांगू? मी थापलेली पहिली भाकरी बघायला मावशी चुलाण सोडून जवळ आल्या. मी डाव्या हाताने थापत होतो.

"आरं, ही उलटी फिरतीय!"

"चवीत फरक पडत नाही मावशी."

"व्हय, त्ये खाणारा सांगंल." त्यांनी ती हातात घेऊन उजेडात धरली. "तुमच्याकडं अशीच करत्यात?"

मी म्हणालो, "हो, प्रवरेच्या पलीकडे जरा वेगळी पद्धत आहे." त्या दिवसापासून वसतिगृहात माझ्या गावाच्या पाककलेबद्दल वाईट मत झालं. त्याबद्दल गावाची मनातल्या मनात माफी मागतो. माझी भाकरी मध्ये जाड आणि कडेला कागद असायची. आमटीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर अजिबात नाही. खोलीतली मुलं ताट घेऊन ओळीत उभी राहिली की आधी विचारायची, "आज अस्सल रांधलंय की मावशींनी केलंय?" अस्सल म्हटलं की पुढचा मागच्याला जागा द्यायचा. फक्त रेक्टर रोज एक घास घेऊन डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "ग्रामीण चव आहे." दुसरा घास घेताना मी त्यांना पाहिलं नाही.

लाकडाच्या वखारीतून टाकाऊ तुकडे मी पोत्यात भरून आणत राहिलो. कॉलेज सुटलं की वखार, वखारीतून वसतिगृह. मला लाकूड कळतं अशी माझी समजूत होती. ढीग लाटेपेक्षा दुप्पट झाल्यावर मावशींनी कमरेवर हात ठेवून तो बघितला आणि म्हणाल्या, "ठीक हाय. अध्यक्षाचं जेवान या ढिगावर निघालं, की वंडका तुजा."

अध्यक्ष यायच्या दिवशी सकाळी चुलाण पेटवलं. माझं जळण आत गेलं आणि धूर निघाला. नुसता धूर. मावशींनी फुंकणी घातली, मी फुंकणी घातली, आळीपाळीने आम्ही दोघांनी खोकून घेतलं. लाकूड कळणं वेगळं आणि जळण कळणं वेगळं, हे मला त्या दिवशी समजलं. वखारीतले ते तुकडे निलगिरीचे होते, ताजे कापलेले, आतून ओले. कढईतली आमटी कोमट होऊन बसली. बाहेर व्हरांड्यात पंगती मांडून झाल्या. बुंदी विकत आणलेली होती, मठ्ठा मोठ्या पातेल्यात तयार होता, कोथिंबीर, आलं, सगळं घालून. भाकऱ्या मावशींनी मला हात लावू न देता पहाटेच भाजून ठेवल्या होत्या. फक्त आमटी अडली होती.

गाडीचा हॉर्न वाजला. मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, धुराने असेल किंवा मागच्या सालच्या आठवणीने असेल.

"व्हय बाजूला," त्या म्हणाल्या आणि लाट उचलून चुलाणात सरकवली.

मला त्यांचा राग आला नाही. त्यांची बाजू बरोबर होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी बाजूला होऊन उभा राहिलो. लाटेच्या दात्यांकडच्या टोकाने आधी वास सोडला, मग एक निळी ज्योत, मग एकदम भडका. आमटीला कड येऊ लागला. जुनं लाकूड काय जळतं! मावशींचा चेहरा सैल झाला. आणि माझे हात, माझी परवानगी न घेता, चुलाणाकडे गेले.

लाटेचं दुसरं टोक बाहेर होतं. मी ते धरलं आणि ओढलं. जळता ओंडका फरशीवर आला. तो विझवायला पाहिजे होता. पाण्याची बादली लांब होती, मठ्ठ्याचं पातेलं जवळ होतं.

एवढा मोठा 'चर्र' आवाज मी आयुष्यात दुसरा ऐकला नाही. स्वयंपाकघरभर पांढरी वाफ आणि करपलेल्या हिंगाचा वास पसरला. वाफ थोडी निवळली तेव्हा दारात रेक्टर उभे होते, आणि त्यांच्या मागे पांढऱ्या टोपीतले अध्यक्ष.

"हे काय चाललंय?" रेक्टर म्हणाले.

मी लाट पोटाशी धरून उभा होतो. ती कोमट होती आणि तिच्यावरून ताक गळत होतं. मला वाटतं, त्या वेळी इतकी भीती वाटली की आणखी भीती वाटायला जागाच उरली नाही, म्हणून मी स्पष्ट बोललो. "सर, मला रांधायला येत नाही. मी त्या दिवशी रंधे म्हणालो होतो. सुताराचे रंधे. मी ते जमवतो. ह्या लाकडाचा मला रंधा करायचाय."

रेक्टरांचे ओठ हलत होते. ते बहुतेक दोन्ही शब्द मनात म्हणून बघत होते.

"रंधा," ते शेवटी म्हणाले. "रांधा नाही."

"नाही सर."

"एका कान्याचा फरक." ते खरंच दुखावले होते. "म्हणजे ती ग्रामीण चव..."

"न येण्याची चव होती सर."

ओळीत बसलेल्या मुलांमधून कोणीतरी ओरडलं, "तरीच!" आणि व्हरांडा हसण्याने भरून गेला. अध्यक्षांना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, "मग मठ्ठा कुठाय?"

"त्येनं पिला," मावशी ओंडक्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "आमटी तयार हाय सायेब. तुमी बसून घ्या."

आणि आमटी खरंच झाली होती. तेवढाच वेळ आगीत राहूनही लाटेने आपलं काम केलं होतं. अध्यक्षांनी दोनदा वाढून घेतली. मावशींना कोणी बोललं नाही. दुपारी मी भांडी घासत बसलो तेव्हा त्या लाटेला पायाने ढकलत माझ्याजवळ घेऊन आल्या.

"ताक पिलेलं लाकूड. आता जळत बी न्हाई नीट. घिऊन जा तुजं ध्यान. आन् उद्यापास्नं माज्या भाकरीला शिवू नको."

दिवाळीच्या सुट्टीत मी लाट गावी नेली. जळालेलं टोक कापल्यावर दीड वीत लाकूड उरलं. आमच्या सुताराने लाकूड कोरायची पटाशी वापरायला दिली, पण मी डाव्या हातात धरलेली बघवेना म्हणून तो तोंड फिरवून बसला. गॅरेजमधून टाकून दिलेली एक जुनी कानस लोहाराकडून तासून घेतली, तिचं पातं झालं. पाचर सागाची. मूठ कोरताना मी दर थोड्या वेळाने हात लावून बघायचो, आणि जिथे माझा अंगठा थांबायचा तिथे खळगा करायचो. रंध्याचं तोंड थोडं मोठं झालं, एक बाजू किंचित उतरली. लाकडाला ताकाचा वास होता तो जाईना. गावातली मांजरं पडवीत येऊन बसू लागली.

सुट्टी संपून वसतिगृहात परतलो तेव्हा आमच्या खोलीचं पावसाळ्यात फुगलेलं दार अजून चौकटीला घासत होतं. उघडायला दोघांनी खेचावं लागायचं. मी ट्रंकेतून रंधा काढला. खोलीतली तिघं कॉटवर बसून बघत होती. मी डावा हात मुठीवर ठेवला, उजवा पुढे, आणि दाराच्या कडेवर रंधा सारला.

झिलपी निघाली. रंध्याच्या तोंडातून वर आली, वळली आणि न तुटता माझ्या मनगटावर पडली. कागदाहून पातळ. मी थांबून तिच्याकडे बघत राहिलो.

"झालं का?" एकाने विचारलं.

"अजून थोडं घासतंय," मी म्हणालो, आणि दुसरी काढली. मग तिसरी. प्रत्येक वेळी तो आवाज येत होता. जमिनीवर झिलप्यांचा ढीग झाला. मावशी व्हरांड्यातून जाता जाता वाकून म्हणाल्या, "चूल पेटवायला ब्येस हायेत," आणि पदरात भरून घेऊन गेल्या. मी आणखी काढल्या.

"आता पुरे," कर्जतचा मुलगा म्हणाला.

"एकच."

"दार राहू दे जरा खोलीला."

संध्याकाळी आम्ही दार लावलं. ते अगदी हलकं मिटलं, चौकटीला कुठेही न टेकता, आणि तितक्याच हलकेपणाने परत उघडलं. कडी कोयंड्यापर्यंत पोचत नव्हती. दोन बोटं अंतर होतं. तिघांनी आळीपाळीने ते अंतर बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या वर्षभर आमच्या खोलीचं दार आतून ट्रंक लावून बंद करावं लागलं. ट्रंक माझीच लावायची असं एकमताने ठरलं, कारण ती सगळ्यांत जड होती.